जुनं अ‍ॅम्बेसेडरचं डिझेल इंजिन: पंपाला लावू की डोंग्याला?

वैनगंगाकाठ (पवनी)
राम राम मंडळी. आबाजीची डिझेल अ‍ॅम्बेसेडर गोठ्याजवळ उभी आहे. पत्रा सडला, सीटमध्ये उंदरांनी बिऱ्हाड केलं, पण इंजिन ठणठणीत. बॅटरी लावली तर दोन सेल्फमध्ये घेतलं, धूर काळा नाही का निळा नाही. बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) १४८९ सीसी. भंगारवाला किलोवर मागते, ते जिवावर येते.

सध्या उन्हाळी धानाला नदीवरून साडेसात एचपीचा पंप चालवतो, भाड्याच्या ट्रॅक्टरवर. तिथं हे बसवावं असं माझं मत. लहाना भाऊ म्हणतो गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये मासेमारीच्या डोंग्याला लावू. कोणी केलं आहे काय असं?

गिरणीवाला_तुमसर
पंपालाच लावा भाऊ.

गाडी कधी चढावर ओढते, कधी उतारावर मोकळी सुटते. पंप मात्र दिवसभर एकसारखा ओढतो. म्हणून कंपनीनं सांगितलेले ४००० आरपीएमचे (मिनिटाला फेरे) ३७ एचपी विसरून जा. या इंजिनाचा टॉर्क (फिरवायचा जोर) २००० च्या आसपास साधारण ८४ न्यूटन-मीटर. १५०० वर हिशेब केला तर सतराएक एचपी निघतात, त्यातले सतत दहा-अकराच घ्यायचे. तुमच्या साडेसातला तेवढे पुरून उरतात.

गियरबॉक्स काढू नका. चौथा गियर डायरेक्ट, एकास एक. मागून प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडं जाणारा दांडा) तुकडा घेऊन पंपाला जोडा. क्लच जागेवर राहिला की इंजिन मोकळं सुरू करून मग लोड देता येते. पंप १४४० चा असेल तर पट्टा-पुलीची भानगडच नाही. आरपीएम मात्र टॅकोमीटरनं पाहा, कानावर विसंबू नका. सेंट्रिफ्युगल पंपाची ओढ आरपीएमच्या घनात वाढते, १५०० चे १८०० केले की पावणेदोन पट ताकद मागतो.

आणि गव्हर्नर, म्हणजे आरपीएम आपोआप धरून ठेवणारा भाग. गाडीत अर्धा गव्हर्नर ड्रायव्हरचा पाय असतो. नदी उतरली, फूटव्हॉल्व उघडा पडला, पंपानं पाणी सोडलं की लोड एका क्षणात जाते अन् इंजिन सुसाट पळते. इंजिनाला डिझेल देणारा पंप डीपीए जातीचा असेल तर गव्हर्नर त्यातच असते, पण हायड्रॉलिक आहे की मेकॅनिकल ते डिझेल पंपवाल्याला दाखवून घ्या. मेकॅनिकल आरपीएम घट्ट धरते.

वेल्डर_वर्धा
थंड कसं ठेवणार ते कोणी बोललंच नाही! उभ्या इंजिनाला समोरून वारा नाही, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर. नुसता रेडिएटर कमी पडेल. लोक २०० लिटरचा ड्रम जोडतात, तोही लोडवर तासा-दीड तासात उकळायला लागते.

नदीचं पाणी सरळ ब्लॉकमध्ये सोडायचा मोह होईल, सोडू नका. गाळ जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांत) बसते, आणि इंजिन गरमच होत नाही म्हणून लायनर झिजतात, ऑइल खराब होते. ड्रममध्ये तांब्याच्या नळीचं वेटोळं टाका, पंपाच्या डिलिव्हरीतून अर्धा इंची फाटा काढून त्यातून नदीचं पाणी फिरवा. इंजिनाचं पाणी वेगळं, कूलंट घालून, थर्मोस्टॅट जागेवर ठेवून. बोटीतले हीट एक्स्चेंजर याहून काही वेगळं करत नाहीत.

दर्यावर्दी (रत्नागिरी)
डोंग्याबद्दल मी सांगतो. हे इंजिन पाण्यावर चालतं यात शंका नाही. मॉरिस ऑक्सफर्डच्या खानदानातलं हेच १.५ लिटर डिझेल इंग्लंडातल्या कालव्यांवरच्या नॅरोबोटींत (लांब, अरुंद बोटी) खूप चाललंय. उलटा प्रवासही झालाय बरं का: कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या इंग्रज कंपनीचं आग विझवायच्या पंपाचं हलकं इंजिन पुढे रेसिंग गाड्यांत गेलं.

पण त्या बोटींत इंजिनाबरोबर मरीन गियरबॉक्स असतो, दोनास एकच्या आसपास रिडक्शनचा, आणि पाण्यातल्या पंख्याचा ढकल घेणारं थ्रस्ट बेअरिंग. गाडीच्या गियरबॉक्सला तो ढकल सोसत नाही. शिवाय एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर गोळा करणारी नळी) पाण्यानं थंड केलेला हवा. लाकडी डोंग्यात तापलेला उघडा मॅनिफोल्ड म्हणजे आग. एवढं सगळं करण्याच्या खर्चात लहान आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) येईल.

धानवाला_साकोली
शिवाय गोसीखुर्दला जलपर्णी किती! पाण्याचा इनलेट घटकेत तुंबेल. इंजिनाची बोट म्हटल्यावर अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ खाली नोंदणीही आली.

माझं विचाराल तर पंपालाही नको. हे इंजिन तासाला अडीच लिटरच्या आसपास डिझेल पिणार. सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमध्ये साडेसात एचपीपर्यंत मिळतो, सर्वसाधारण गटाला १० टक्के हिस्सा, अनुसूचित जाती-जमातीला ५.

वैनगंगाकाठ
सौरचा अर्ज टाकलाच आहे काका. पण पहाटे पाणी लागते, ढग असले तरी लागते, तेव्हा हे चालवू. अन् ट्रॅक्टरचं भाडं तरी कुठं फुकट आहे? भावाला धागा वाचायला दिला, मॅनिफोल्डचं वाचून गप्प झाला. आता ब्लॉक कशावर ठेवू? गाडीचे रबर माउंट तसेच वापरू का सरळ काँक्रीटवर बोल्ट मारू?

गिरणीवाला_तुमसर
रबर तसेच ठेवा, पण इंजिन आणि पंप एकाच चॅनलच्या फ्रेमवर घ्या. शाफ्टचे दोन्ही युनिव्हर्सल जॉइंट राहू द्या, रबरावर इंजिन हललं तरी पंपाच्या बेअरिंगवर ताण येत नाही. शाफ्टवर जाळी बसवा, धोतर-लुगडं अडकलं तर माणूस जातो. आणि गाडी मोडायच्या आधी आरटीओतून आरसी रद्द करून घ्या.