यशवंतराव चंद्रचूड: एकाच निकालावर सगळी कारकीर्द तोलायची?

धागाकर्ता: पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात शिकलेला मुलगा १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून जास्त सरन्यायाधीशाच्या खुर्चीवर बसतो. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पण नाव काढलं की लोक आणीबाणीतला जबलपूर खटला पुढे करतात. हा अन्याय नाही का?

बोरीबंदर: छे, कसला अन्याय! अटकेविरुद्ध कोर्टात जाता येतं, असं नऊ हायकोर्टांनी म्हटलं होतं, त्यात आपलं मुंबईही होतं. २८ एप्रिल १९७६ ला जबलपूर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते सगळं पुसून टाकलं. पाच न्यायाधीशांत एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले, आणि पुढे त्यांना डावलून न्यायमूर्ती बेग सरन्यायाधीश झाले. बहुमतातल्या यशवंतरावांनी काय लिहिलं, तर स्थानबद्धांचे हाल होणार नाहीत अशी आपल्याला हिऱ्यासारखी लखलखीत, टणक आशा आहे. अहो, कोर्टाने आशेवर निकाल द्यायचा?

कायद्याची विद्यार्थिनी: ते वाक्य वाचून मलाही कसंतरीच होतं. पण मिनर्व्हा मिल्स खटल्यातल्या त्यांच्या निकालाचं काय? घटनादुरुस्तीचा अमर्याद अधिकार संसदेने ४२व्या दुरुस्तीत स्वतःच घेतला होता, तो त्यांनी रद्द केला.

बोरीबंदर: आणीबाणी संपल्यावर शौर्य सोपं असतं.

कायद्याची विद्यार्थिनी: काका, तारीख बघा. मे १९८०. इंदिराबाई जानेवारीतच सत्तेवर परत आल्या होत्या.

बोरीबंदर: बरं, हे मान्य. पण १९७८ मध्ये त्यांच्या नेमणुकीला मुंबईतल्या नामवंत वकिलांनी विरोध केला, तो उगाच नव्हे.

फुटपाथ: मला वेगळंच खुपतं. १० जुलै १९८५, निवृत्तीच्या आदल्या दिवशी ओल्गा टेलिस खटल्याचा, म्हणजे मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा निकाल. पोट भरायचं साधन काढून घेतलं की जगण्याचा हक्कच काढून घेतला, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. आणि मग? फुटपाथवरच्या झोपड्या ३१ ऑक्टोबरपर्यंत पाडू नका, म्हणजे पावसाळा जाऊ द्या. तत्त्व याचिकाकर्त्यांना, फुटपाथ महापालिकेला!

धागाकर्ता: पण त्याच तत्त्वावर पुढे किती याचिका उभ्या राहिल्या!

फुटपाथ: राहिल्या ना. झोपडी नाही राहिली.

बोरीबंदर: जबलपूरचा निकाल चुकीचा होता, हे २०१७ मध्ये त्यांच्या न्यायाधीश मुलानेच सुप्रीम कोर्टाच्या निकालात लिहिलं. आता आपण काय भांडायचं?

धागाकर्ता: खन्नांचा मुद्दा मला पटतो, बाकीचा नाही. आणि शाहबानोच्या पोटगीच्या निकालावर कुणी बोललंच नाही.

कायद्याची विद्यार्थिनी: त्याला वेगळा धागा काढा, दादा. इथे सुरू झालं तर उद्या माझी परीक्षा बुडेल.