मदत हवी आहे: शिष्यवृत्ती मिळाली, मेंटर मिळाला, पण त्यांच्याशी बोलायचं काय?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली (नाव लिहीत नाही). फीचा बराचसा भाग त्यातून सुटतो. अट एकच, दर सत्राला ठरावीक ग्रेड टिकवायची. तिसऱ्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्सने (प्रोग्राममध्ये माहिती कशी रचून ठेवायची, तो पेपर) दगा दिला. पास झाले, पण सरासरी अटीच्या जेमतेम वर राहिली. अजून एक सत्र असं गेलं की संपलं.

शिष्यवृत्तीबरोबर मेंटरही (मार्गदर्शक) दिलेत. मोठ्या हुद्द्यावर आहेत, माणूस अजिबात वाईट नाही. पण चार महिन्यांत कॉल झाले दोन. दुसरा अकरा मिनिटांचा. "कसं चाललंय?" "बरं चाललंय सर." "काही अडचण?" "नाही सर." "गुड, कीप इट अप." फोन ठेवला तेव्हा लॅपटॉपवर लिंक्ड लिस्ट (नोड्सची साखळी, प्रत्येक नोडच्या "नेक्स्ट"मध्ये पुढच्याचा पत्ता) उलटी करायचा प्रोग्राम उघडा होता आणि दोन दिवसांपासून सेगमेंटेशन फॉल्ट देत होता, म्हणजे चुकीच्या पत्त्यावर जाऊन बंद पडत होता. विचारायचं नेमकं तेच होतं!

आता प्रश्न. जमत नाहीये असं सरांना सांगितलं तर ते ट्रस्टला कळवतील का? आणि पैसे व मेंटर दोन्ही मिळतील असं दुसरं काही आहे का, म्हणजे ही शिष्यवृत्ती गेलीच तर हाताशी काहीतरी असेल?

फुकटसल्ला
दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, ते सोपं आहे.

गूगल समर ऑफ कोड, २००५ पासून चालू आहे. आधी फक्त विद्यार्थ्यांसाठी होतं, २०२२ पासून ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर) नवख्या असलेल्या, १८ पूर्ण झालेल्या कोणालाही अर्ज करता येतो. प्रकल्प निवडायचा, प्रस्ताव लिहायचा, निवड झाली की तो प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेतला मेंटर मिळतो. मानधन तुम्ही कोणत्या देशात राहता त्यावर ठरतं आणि मेंटरने मूल्यमापनात पास केलं तरच हातात पडतं. प्रस्ताव जास्तीत जास्त तीन पाठवता येतात, पण एकच धड लिही.

दुसरं आउटरीची. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी चालवते. वर्षातून दोन फेऱ्या, तीन महिने, घरून काम, मानधन ७,००० डॉलर. तंत्रज्ञानात ज्यांना सहसा जागा मिळत नाही, भेदभाव सोसावा लागतो, अशांसाठी आहे. कॉलेजचं वेळापत्रक अर्जातच मागतात, कारण आठवड्याला ३० तास द्यावे लागतात. परीक्षा मध्ये येत असतील तर लपवू नकोस. लिनक्स फाउंडेशनचं एलएफएक्स मेंटरशिप पण बघून ठेव, त्यात वर्षाला तीन सत्रं असतात.

आणि हो, यातलं कोणीही अर्जाचे पैसे मागत नाही. "निवड झाली, आता नोंदणी शुल्क भरा" असा मेसेज आला की सरळ ब्लॉक.

जुनाकंपायलर
फुकटसल्ला, यादी चांगली आहे, पण तिचं दुखणं यादीने जाणार नाही. जिला स्वतःच्या मेंटरला सेगमेंटेशन फॉल्टबद्दल विचारता येत नाही, ती या प्रकल्पांच्या अनोळखी मेलिंग लिस्टवर (सगळ्यांना जाणाऱ्या ईमेल गटावर) काय विचारणार?

अगं अर्धविराम, मी स्वतः गेली तीन वर्षं अशाच एका योजनेत मेंटर आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. समोरून "बरं चाललंय सर" आलं की मलाही पुढे काय बोलावं सुचत नाही. नोकरीत माझ्या हाताखालचे लोक अडलेलं घेऊन येतात, मी उत्तर देतो, एवढंच मला येतं. अडलेलंच नसेल तर मी "कीप इट अप" म्हणून मोकळा होतो. तुझे सर बहुतेक त्याच जातकुळीतले.

कळवतील का? आमच्याकडे मेंटरने ट्रस्टला फक्त "भेट झाली / नाही झाली" एवढंच भरायचं असतं. ग्रेड ट्रस्टला कॉलेजकडून जाते, माझ्याकडून नाही. तुझ्याकडे वेगळं असू शकतं, म्हणून त्यांनाच विचार. "सर, आपलं बोलणं ट्रस्टकडे जातं का?" यात उद्धटपणा काही नाही. मला कोणी विचारलं तर उलट बरं वाटेल.

खडूसमास्तर
स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे मेंटरिंग वगैरे फोटो काढायचे कार्यक्रम आहेत. पोरांना फीचे पैसे द्या, बाकी ती आपली आपण बघून घेतात. आमच्या वेळी कोण होतं मेंटर?

पायरीवरची
मास्तर, तुमच्या वेळी वर्गातल्या किती मुली मध्येच सोडून गेल्या ते आठवून बघा, मग बोलू.

टोमणा झाला, आता मुद्दा. २०१७ मध्ये डेनेही आणि दासगुप्ता यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० मुली घेतल्या. काहींना वरच्या वर्गातली मुलगी मेंटर म्हणून दिली, काहींना मुलगा, काहींना कोणीच नाही. वर्षअखेर मुलगी मेंटर असलेल्या गटातली एकही इंजिनिअरिंग सोडून गेली नाही. मेंटर नसलेल्या गटातल्या ११ टक्के गेल्या, मुलगा मेंटर असलेल्या १८ टक्के. गंमत म्हणजे टिकून राहण्याचा मार्कांशी संबंध नव्हता. "मी इथली आहे" हे वाटणं टिकलं, म्हणून त्या टिकल्या.

मला त्यातलं सगळ्यात कामाचं वाटतं ते हे, की त्या मेंटर कुठल्या मोठ्या हुद्द्यावरच्या बायका नव्हत्या. दोनेक वर्षं पुढे असलेल्या मुली होत्या. अर्धविराम, लिंक्ड लिस्टसाठी तुला पंधरा वर्षं अनुभवाचा माणूस नकोच आहे. चौथ्या वर्षाची एखादी ताई शोध, जिने हाच पेपर दोन वर्षांपूर्वी कसाबसा काढलाय. सरांना करिअरचं विचार.

अमेरिकेतल्याच मेरीलँडमधला मेयरहॉफ स्कॉलर्स हा शिष्यवृत्ती कार्यक्रमही १९८८ पासून हेच करतोय. पैसे आहेतच, पण कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात मुलांना एकत्र आणतात आणि गटाने अभ्यास करायला लावतात. एकट्याने झुंजत बसणं हुशारीचं लक्षण मानतच नाहीत तिथे.

खडूसमास्तर
आकडे वाचले. मार्कांचा संबंध नव्हता हे मला माहीत नव्हतं. फोटोंबद्दलचं मत कायम आहे.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. जुनाकंपायलर दादा, मेल लिहायला घेतला. पहिलं वाक्य असं झालंय: "आदरणीय सर, आपला बहुमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व, मला आपल्या अनमोल मार्गदर्शनाची नितांत आवश्यकता आहे." बरोबर आहे का?

जुनाकंपायलर
सत्काराचं मानपत्र झालंय ते. 😄 हे बघ:

"नमस्कार सर. मागच्या कॉलवर मी काही अडचण नाही म्हणाले, ते खरं नव्हतं. डेटा स्ट्रक्चर्समध्ये मागे पडले आहे आणि शिष्यवृत्तीची ग्रेड राहील की नाही याची काळजी वाटते. सहा आठवड्यांत काय काय भरून काढायचं याची यादी सोबत जोडली आहे. तिचा क्रम बरोबर आहे का, हे पुढच्या कॉलवर बघाल का?"

क्षमा नाही, अनमोल नाही. मला असा मेल आला तर मी त्याच दिवशी उत्तर देईन, कारण काय करायचंय ते कळतं. यादी मात्र तू खरंच कर.

आणि ट्रस्टचं नियमपत्र काढून पूर्ण वाच. काही ठिकाणी ग्रेड घसरली तर लगेच बंद न करता एक सत्र मुदत देतात, पण ती अर्ज करून मागावी लागते. दुसरी शिष्यवृत्ती घेतली तर पहिली कमी होते का, तेही त्यातच असेल.

फुकटसल्ला
त्या फॉल्टचं काय झालं? लूपची अट "चालू नोडचा नेक्स्ट नल (रिकामा) नसेपर्यंत" अशी लिहिलीयेस का?

अर्धविराम
हो, तशीच आहे. का?

फुकटसल्ला
मग नेक्स्ट उलटा फिरवण्याआधी मूळचा पुढचा नोड वेगळ्या पॉइंटरमध्ये (पत्ता ठेवायच्या जागेत) धरून ठेवतेस की नाही बघ. नसशील तर पहिल्याच फेरीत चालू नोड नल होतो आणि मग अट त्या नलचाच नेक्स्ट विचारायला जाते. तिसरा पॉइंटर घे, आणि अट "चालू नोड नल नसेपर्यंत" अशी कर.

अर्धविराम
चाललं!!! दोन दिवस!! 🙈

मेल काल रात्री पाठवला, दादांनी लिहिलं तसाच, यादी जोडून. सकाळी सरांचं उत्तर आलं: "ग्राफ्स शेवटी घे, आधी ट्रीज. शनिवारी बोलू. मीही या विषयात एकदा नापास झालो होतो." बोलणं ट्रस्टकडे जातं का, ते शनिवारी विचारते.

पायरीवरची ताई, चौथ्या वर्षाच्या एकीला मेसेज टाकलाय. अजून निळी टिक नाही.