थंडीच्या फुलांसाठी कुंड्यांची तयारी: गुलाब कधी छाटू?

घोडबंदरकर:
मंडळी, पूर्वेची बाल्कनी, ऊन साडेअकरापर्यंत. दहा इंची कुंड्यांत २ गुलाब, १ मोगरा, १ जास्वंद, २ शेवंती. पावसाने माती घट्ट बसलीय, पाणी वरच साचतं. गुलाब आत्ताच छाटू? मोगराही? शेवंती नुसती उंच वाढतेय, कळीचा पत्ता नाही. पिटुनिया बियांपासून जमेल का?

मातीमोल:
आधी पाणी का साचतं ते बघा. कुंडी आडवी करून खालच्या भोकात सळई घाला, बहुतेक वेळा मुळांनीच बूच मारलेलं असतं. मग कडेकडेने दोन इंच माती उकरून काढा, खोडाजवळ खुरपं नको. त्या जागी दोन मुठी गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड, दोन चमचे बोनमील (हाडांचा चुरा). पेंड खोडाला चिकटून ढीग करून टाकू नका, ओली झाली की तिथे बुरशी धरते.

गुलाबाची घाई नको. आपल्या मुंबई-ठाण्याकडून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, पण एखादी सर मागे रेंगाळतेच. ओल्या हवेत कापलेली फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत जाते. सलग आठवडा कोरडा गेला की कातर काढा. उंचीचा एक तृतीयांश भाग कमी करायचा. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो तो फुगवटा) अर्धा सेंटिमीटर वर, तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. आत वळलेला डोळा ठेवलात तर झाडाच्या पोटात गर्दी होते आणि भुरीला (पानांवरची पांढरी बुरशी) आयतं घर मिळतं. कापलेल्या टोकांना कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट. कलमाच्या गाठीखालचे फुटवे रानगुलाबाचे, ते बुडापासून काढा. फुलं सहा-आठ आठवड्यांनी.

मोगऱ्याला हात लावू नका. थंडी ही त्याची झोप. पाणी कमी करा, छाटणी जानेवारीअखेर.

कळीकोळी:
शेवंतीचं उत्तर बहुधा छतावर आहे. रात्री बाल्कनीतली ट्यूब चालू असते का? लांब, अखंड अंधार मिळाल्याशिवाय शेवंती कळी धरत नाही. समोरचा रस्त्यावरचा दिवाही पुरतो बिघडवायला. संध्याकाळी सहा ते सकाळी सात खोकं उपडं घाला, कळ्या दिसेपर्यंत रोज. आणि आता शेंडे खुडू नका, ती वेळ गेली.

पिटुनियाचं बी धुळीसारखं. कोरड्या वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) भुरभुरा, वर माती अजिबात नको, उजेडाशिवाय ते उगवत नाही. अंकुर ७ ते १० दिवसांत, फुलं मात्र जानेवारीत. नवशिक्याने नोव्हेंबरात नर्सरीतून रोपंच आणावीत, हे माझं स्पष्ट मत.

घोडबंदरकर:
ट्यूब रात्री अकरापर्यंत असते! जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतोय, तो कसला?

मातीमोल:
पिठ्या ढेकूण. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कुंडीत नको. एक लिटर पाण्याला ५ मिली निंबोळी तेल, पण आधी तेलात १ मिली लिक्विड साबण घोटा, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. ऊन गेल्यावर पानांच्या खालूनही फवारा, दर पाच दिवसांनी, तीनदा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा. पिठ्याच्या गोड चिकटासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्या असेपर्यंत तो परत येणारच.