इन ट्रीटमेंट: थेट इरफानचाच सीझन पाहिला तर चालेल का?

मेघना_जर्सी:
सासूबाई गेल्या आणि बाबा (माझे सासरे) पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला राहायला आले. फारसं बोलत नाहीत. 'इन ट्रीटमेंट' या अमेरिकन मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये इरफान खान असाच आहे म्हणे, बायको गेल्यावर कोलकात्याहून ब्रुकलिनला मुलाकडे आलेला गणिताचा शिक्षक. आधीचं काही न बघता हा सीझन कळेल का? बाबांना सोबत घेऊन बघावा का?

पाऊसवेडी:
कळेल. एक भाग म्हणजे एका पेशंटचं थेरपिस्टकडचं (मानसोपचारतज्ज्ञाकडचं) एक सेशन, साधारण अर्धा तास. मूळ मालिका इस्रायलची, 'बेतिपूल'. पण २००८चा पहिला सीझन सोडू नकोस गं! दोन्ही हात प्लास्टरमध्ये घेऊन आलेली ती जिम्नॅस्ट मुलगी, सोफी. मिया वासिकोव्स्काने काय काम केलंय!

निवांत:
मेघना, आधी तू एकटीने बघ. सुनीलच्या (म्हणजे इरफानच्या) गोष्टीत त्याच्या सुनेचा, ज्युलियाचा, मोठा भाग आहे आणि सासरा-सुनेने शेजारी बसून बघावं असं ते नाही. का, ते सांगितलं तर शेवट फुटेल.

पण बघच. सुरुवातीला मुलगा आणि सूनच त्याच्या वतीने बोलत असतात. ते बाहेर गेल्यावर इरफान तोंड उघडतो, आणि मग त्या गप्प माणसाच्या आत किती काय साठलंय ते कळायला लागतं. त्याचा थेरपिस्ट, डॉक्टर पॉलही (गेब्रियल बर्न) तेव्हा एकटाच पडलेला. वडिलांसारखा आपल्यालाही पार्किन्सन्स होणार ही धास्ती त्याने घेतलेली. त्यामुळे सुनील त्याला पेशंटपेक्षा मित्रच वाटायला लागतो. माझ्या मते सीझनचा जीव इथे आहे: ज्याने अंतर राखून ऐकायचं, त्यालाच सोबत हवी आहे. म्हणून पॉल स्वतः त्याच्या थेरपिस्टकडे, ॲडेलकडे जातो ते भाग गाळू नकोस, सुनीलबद्दल तिथे बरंच उलगडतं.

मालिका बघून बाबा बोलते होतील, या भरवशावर मात्र राहू नकोस. आई गेल्यावर आमच्या अण्णांना समोर बसवून काही विचारलं की ते उठून जायचे. गवार मोडायला दिली की आपणहून आईचा विषय काढायचे. ती देठं कशी काढायची, इथपासून सुरुवात. हात कामात असले की त्यांना सोपं जायचं.

मेघना_जर्सी:
निवांत, मनापासून आभार. आज रात्री एकटीच सुरू करते. बाबांना शेंगा सोलायला आवडतात, उद्या पटेलकडून तुरीच्या आणते.