कुत्र्याने मोजा गिळला आहे: थांबावं की लगेच न्यावं?

सावली
लॅब्रॅडोर, नर, वय १४ महिने, वजन २६ किलो. साधारण ४० मिनिटांपूर्वी घोट्यापर्यंतचा सुती मोजा अख्खा गिळलाय. तोंडातून काढायला धावले, तेवढ्यात आत गेला. जेवण तासाभरापूर्वीच झालंय. आत्ता शेपटी हलवतोय, चेंडू मागतोय, त्रास काही दिसत नाही. पण मला फार काळजी वाटतेय.
शीवाटे पडेल म्हणून थांबायचं का? मिठाचं पाणी पाजून उलटी करवा असं दोघांनी सांगितलं. एकाने तेल पाजायला सांगितलं, म्हणजे मोजा घसरून पुढे जाईल. यातलं काही करू का?

पायवाट
यातलं काहीच करू नका आणि थांबूही नका. आधी व्हेटला फोन करा, "४० मिनिटांपूर्वी मोजा गिळला, वजन २६ किलो, पोट भरलेलं आहे" एवढंच सांगा आणि निघा.

घाईचं कारण म्हणजे मोजा अजून जठरात आहे. पहिल्या दोन तासांत अपोमॉर्फिनचं इंजेक्शन दिलं तर बहुतेक कुत्र्यांना काही मिनिटांत उलटी होते. हल्ली डोळ्यात घालायचे रोपिनिरोलचे थेंबही मिळतात, काम तेच. मऊ कापड उलटून काढण्यात धोका कमी. पोट भरलेलं आहे हे उलट बरंच आहे, अन्नाबरोबर वस्तू बाहेर येते, रिकाम्या पोटी नुसता फेस येतो. एकदा का मोजा जठराचं दार ओलांडून लहान आतड्यात गेला, की उलटीचं औषध निरुपयोगी. मग तो आपसूक पुढे सरकतो किंवा पोट उघडावं लागतं.

तो खेळतोय याला आत्ता काहीच अर्थ नाही. जठर मोठं असतं, त्यात मोजा पडून राहिला तर दुखत नाही. त्रास सुरू होतो तो वाट बंद झाल्यावर.

मिठाबद्दल: उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं. सोडियम वाढून थरथर, झटके, मेंदूला सूज असा प्रवास होतो, आणि कुत्री दगावतात. तेलाने मोजा घसरत नाही. उलट पाजताना किंवा उलटी होताना तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

दवाखान्यात जाताना त्याच जोडीतला दुसरा मोजा बरोबर घ्या. लांबी आणि जाडी डॉक्टरांना हातात घेऊन पाहता येते, आणि जे बाहेर येईल ते पूर्ण आलं का, हेही ताडता येतं.

औदुंबर
पायवाट यांच्याशी सहमत. फक्त हा धागा नंतर कुणी वाचेल म्हणून लिहून ठेवते: उलटी करवणं हा मोज्याचा उपाय आहे, प्रत्येक वस्तूचा नाही.

सुई, खिळा, काच, शिजवलेल्या हाडाचा टोकदार तुकडा असं काही असेल तर उलटी करवू नये. जाताना जी अन्ननलिका कशीबशी वाचली ती परत येताना फाटू शकते. नळ-संडास साफ करायची जहाल रसायनं आणि रॉकेल-पेट्रोल यांनाही नाही. पॉलियुरेथेनचा फुगणारा गोंद पोटातल्या ओलाव्याने कित्येक पट फुगून दगडासारखा घट्ट होतो, तिथे उलटी नाही आणि वरून पाणीही पाजायचं नाही. कुत्रं गुंगीत असेल, झटके येत असतील, किंवा पग-बुलडॉगसारखं चपट्या नाकाचं असेल तर निर्णय पूर्णपणे डॉक्टरांचा.

बटन सेलची गोष्ट सगळ्यात वेगळी. तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या भिंतीतून विजेचा प्रवाह वाहतो, तिथे जाळणारा अल्कली तयार होतो आणि १५ ते ३० मिनिटांत भाजायला सुरुवात होते. त्यासाठी सेल फुटायला लागत नाही. तिथे "सकाळी बघू" नाही. लोहचुंबकही तसेच: एक गिळला तर बहुधा निघून जातो, पण दोन असतील तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना खेचतात आणि मधली भिंत चिमटून तिला भोक पडतं. जस्ताची नाणी, नट किंवा वॉशर जठरातल्या आम्लात विरघळतात. ते जस्त रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, हिरड्या आधी फिक्या, मग पिवळट होतात, लघवी गडद होते. वस्तू गुळगुळीत आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची इथे फसगत होते.

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल कुणीतरी विचारणारच. ३ टक्क्यांचंच, किलोमागे साधारण २ मिली, आणि कुत्रं कितीही मोठं असलं तरी एकूण ४५ मिलीच्या वर नाही. तेही दवाखाना लांब असेल आणि डॉक्टरांनी फोनवर "द्या" म्हटलं तरच. त्याने जठराच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. मांजरांना अजिबात देऊ नये.

सावली
मनापासून आभार. इंजेक्शननंतर दहा मिनिटांत उलटी झाली आणि मोजा अख्खा आला. पण बरोबर न्यायला जोडीतला दुसरा शोधला तर तो घरात कुठेच नाही. कधीपासून नाही, सांगता येत नाही. उलटीत एकच निघाला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात "अन्न दिसतंय, बाकी काही दिसत नाही" असं म्हणाले. म्हणजे दुसरा पोटात नाही असं धरून चालायचं का?

पायवाट
नाही. "दिसत नाही" आणि "नाही" यात इथे मोठा फरक आहे.

एक्स-रेवर धातू, दगड, हाड आणि काही प्रकारचं रबर उठून दिसतं. कापड, पातळ प्लॅस्टिक आणि लाकूड यांची छटा आसपासच्या मांसल भागासारखीच असते, त्यामुळे भरलेल्या जठरात मोजा आणि अन्न सारखंच दिसतं. कापडाच्या बाबतीत डॉक्टर अप्रत्यक्ष खुणा शोधतात: आतड्याचं एखादं वेटोळं हवेने जास्तच फुगलंय का, आतडी एका बाजूला गोळा होऊन चुण्या पडल्यात का.

तुम्ही तीन गोष्टी विचारा. पहिली, एक्स-रे किती बाजूंनी काढला. उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर असे तीन हवेत. डाव्या कुशीवर निजवलं की जठरातली हवा बाहेर पडायच्या दाराकडे सरकते आणि तिथे बसलेली वस्तू त्या हवेत उमटते. एकाच बाजूने काढला असेल तर ती नेमकी जागा निसटते. दुसरी, ८ ते १२ तास उपाशी ठेवून पुन्हा काढता येईल का. तेवढ्या वेळानंतरही जठरात "अन्न" दिसत असेल तर ते बहुधा अन्न नाही. मला ही सगळ्यात कामाची तपासणी वाटते, कारण तिला वेगळं यंत्र लागत नाही. तिसरी, सोनोग्राफी. त्यात कापडाची कड चकाकते आणि मागे काळी सावली पडते. करणारा हात सरावलेला हवा.

आणि हो, मोजा जठरात कित्येक आठवडे राहू शकतो. मधूनच एखादी उलटी, मग चार दिवस ठणठणीत. त्यामुळे "कधीपासून नाही" हे माहीत नसणं तुम्हाला दिलासा देत नाही. गेल्या महिन्यात अधूनमधून उलट्या झाल्या असतील तर ते आवर्जून सांगा.

निळाई
दुसरी तपासणी होईपर्यंत घरी काय पाहायचं ते लिहिते. वही घ्या आणि वेळेसकट नोंदवा, आठवणीवर विसंबू नका.

उलटी: किती वेळा, खाल्ल्यावर किती वेळाने, नुसतं पाणीही पडतंय का. पाणीसुद्धा राहत नसेल तर अपरात्रीही निघायचं. हिरड्या: निरोगी असताना गुलाबी आणि ओल्या, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परततो. पांढुरक्या किंवा चिकट लागल्या तर थांबू नका. पोट: पुढचे पाय खाली टेकून मागचा भाग वर धरतोय का, पाठीची कमान करतोय का, हात लावू देत नाही का. ताप: गुदद्वारातून ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस ठीक.

शी झाली म्हणजे वाट मोकळी आहे असं समजू नका. अडथळ्याच्या पुढच्या भागात जे असतं ते एक-दोन दिवस येत राहतं, आणि वाट अर्धवट बंद असेल तर जुलाबही होतात. प्रत्येक शी हातमोजे घालून पाण्यात मोडून जुन्या चाळणीतून गाळा. कापड मळकट दोरीसारखं पिळलेलं येतं, वरवर पाहून ओळखू येत नाही.

गुदद्वारातून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. धाग्याचं दुसरं टोक जठराच्या दाराशी अडकलेलं असू शकतं. आतडं त्याच्यावर नाडा ओढल्यासारखं गोळा झालेलं असतं, आणि ओढलं की धागा आतड्याची भिंत करवतीसारखा कापतो. बाहेरचा भाग चाटू नये म्हणून गळ्यात कोन घाला आणि न्या.

उलटीची किंवा दुखण्याची गोळी मनाने देऊ नका. उलटी थांबवली की अडथळा झाकला जातो. माणसांचं आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल तर कुत्र्यांना विषारी.

औदुंबर
दुसरा मोजा सापडला आणि तो जठरातच असेल तर आधी दुर्बिणीने काढता येईल का ते विचारा. भूल लागते, पण टाके नाहीत. आतड्यात गेला असेल तर शस्त्रक्रिया. आतड्याचा रंग चांगला असेल तर छोटा छेद घेऊन वस्तू काढतात. काळं पडलं असेल तर तेवढा भाग कापून दोन टोकं जोडावी लागतात. म्हणून उशीर महाग पडतो. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात टाक्यांतून गळती होण्याची भीती सर्वाधिक असते. खायला लागलेलं कुत्रं त्या दिवसांत अचानक मलूल झालं, ताप आला, उलटी झाली, तर टाके पाहायची तारीख येण्याची वाट पाहू नका.

सावली
उद्या सकाळी उपाशीपोटी पुन्हा एक्स-रे आणि सोनोग्राफी ठरली आहे. रात्री दर दोन तासांनी पाहतेय, आत्तापर्यंत हिरड्या गुलाबी, उलटी नाही. एक विचारायचं होतं. मी धावले म्हणून त्याने गिळला का? आणि पुढे काय करू?

पायवाट
उपाशी ठेवायचं म्हणजे अन्न नाही. पाणी किती वेळ आधी बंद करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

आणि हो, बहुतेक तसंच झालं. पण तिथे कुणीही धावलं असतं, ते मनाला लावून घेऊ नका. पाठलाग झाला की कुत्र्याला वाटतं वस्तू हिसकावणार, आणि ती वाचवायची त्याला ठाऊक असलेली जागा एकच, पोट. याला उपाय अदलाबदलीचा. शांत बसा, बाजूला वळा, वास येईल असा खाऊचा तुकडा जमिनीवर टाका. खाऊसाठी तोंड उघडताना "दे" म्हणा. तो खाण्यात गुंतला की वस्तू पायाखाली घ्या. सुरुवातीला हे त्याच्याच खेळण्यांवर करा, रोज पाच-सहा वेळा, आणि खेळणं परत द्या. परत मिळतं हे एकदा कळलं की गिळायची घाई कमी होते. खऱ्या मोज्यावर पहिल्यांदाच करून पाहिलं तर फसेल.

तोवर धुवायच्या कपड्यांचा डबा झाकणाचा आणि बंद दारामागे. फिरायला नेताना जाळीचा मुसका घाला, तोंड उघडून धापा टाकता येतील एवढा ढिला. कापडी घट्ट मुसक्यात धापा टाकता येत नाहीत, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, तो फिरण्यासाठी नाही.

निळाई
हे वारंवार होत असेल तर उद्याच शीची तपासणी आणि रक्ताची साधी चाचणीही करून घ्या. जंत, रक्तक्षय, स्वादुपिंडाचा रस कमी पडणं यांतही कुत्री नको ते खातात. स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा, त्याने भूक बेसुमार वाढते. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ती तारीख वहीत लिहून न्या.