मदत हवी आहे: होस्टिंग बदललं, पासवर्ड बरोबर आहे, तरी डेटाबेस ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतोय

नमस्कार मंडळी. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या परवानग्यांचं काम रोज करणाऱ्या कुणाची तरी मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं.

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात आमच्या काकांचं गुळाचं अडत दुकान आहे. दुकानाची साइट पीएचपीमध्ये मी लिहिली आणि मीच सांभाळतो. सौदे झाले की दिवाणजी प्रत्येक लॉटचे रवे, वजन आणि दर भरतात. गुऱ्हाळमालक आपला मोबाइल नंबर टाकून घरबसल्या पट्टी बघतात. पट्टीत वजन गुणिले दर असतो, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि हंगामाच्या आधी घेतलेली उचल वजा होते. पूर्वी यासाठी यार्डात यावं लागायचं, नाहीतर दुकानाचा फोन दिवसभर वाजत राहायचा. आता सत्तरीचे आजोबासुद्धा नातवाच्या मोबाइलवर पट्टी बघतात आणि एक रुपया इकडचा तिकडे झाला तरी लगेच विचारतात. त्यामुळे हे बंद पडून चालत नाही.

आधी साइट एका छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या स्वतंत्र आभासी सर्व्हरवर) होती. त्या कंपनीनं सेवा गुंडाळली, म्हणून सीपॅनलवाल्या (होस्टिंग सांभाळायचं वेब पॅनल) शेअर्ड होस्टिंगवर आलो, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. डेटा नव्या होस्टच्या माणसांनीच आणून दिला. शेतकऱ्यांची देवनागरी नावं नीट आली, दराचं पान उघडतं, सगळी टेबलं दिसतात. बिघाड दोन ठिकाणी आहे.

पहिला, पट्टीचं पान. पट्टी हा टेबल नसून व्ह्यू आहे, म्हणजे टेबलांतून माहिती काढून दाखवणारी साठवलेली क्वेरी. तो उघडला की एरर १०४५ येते: ॲक्सेस डिनाइड फॉर युजर ‘गूळदुकान’@‘लोकलहोस्ट’, युझिंग पासवर्ड येस. त्याच युजरनं, त्याच पासवर्डनं, त्याच जोडणीतून सौद्यांचं टेबल मात्र बिनतक्रार वाचता येतं. पासवर्ड चुकला असता तर आतच घेतलं नसतं ना?

दुसरा, नवीन सौदा भरताना. एरर १४४९ येते: डेफिनर (ज्याच्या नावानं ते बनवलंय तो) म्हणून दिलेला ‘मुख्य’@‘लोकलहोस्ट’ हा युजर अस्तित्वात नाही. ‘मुख्य’ हा जुन्या व्हीपीएसवरचा युजर. सौद्याच्या टेबलावर एक ट्रिगर आहे, नवी ओळ पडली की शेतकऱ्याच्या खतावणीत रक्कम जमा करतो. तोच अडकतोय.

‘गूळदुकान’ला सीपॅनलमधून ऑल प्रिव्हिलेजेस दिलेत. शो ग्रँट्स चालवून खात्रीही केली, त्या डेटाबेसवर सगळे अधिकार दिसतात. जुना बॅकअप पीएचपीमायॲडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) मी स्वतः चढवायला गेलो तर एरर १२२७, म्हणजे सुपर (सर्व्हरच्या व्यवस्थापकाचा) अधिकार पाहिजे. शेअर्ड होस्टिंगवर तो कोण देणार?

आणखी एक अडचण आहे आणि मला तीच जास्त डाचतेय. जुन्या सर्व्हरवर शेतकऱ्यांच्या पानासाठी ‘गूळपट्टी’ असा वेगळा युजर होता. त्याला फक्त पट्टीचा व्ह्यू वाचता यायचा, खतावणीला हात लावता यायचा नाही. सीपॅनलमध्ये अधिकार अख्ख्या डेटाबेसवर द्यावे लागतात, एका व्ह्यूपुरते देता येत नाहीत. होस्टच्या सपोर्टनं सांगितलं, एकच युजर ठेवा आणि सगळीकडे तोच वापरा. मला ते पटत नाही. कुणी किती उचल घेतलीय ही घरातली गोष्ट असते, गावात त्यावरून सोयरिकी मोडतात. पानाच्या कोडमध्ये उद्या एखादं भोक निघालं तर सगळ्यांची खाती उघडी पडतील.

सध्या आवक तुरळक आहे, दिवाणजी पट्ट्या हातानं लिहून फोटो पाठवतायत. पण दिवाळीच्या पाडव्याला नव्या हंगामाचा मुहूर्त होतो, मग गाड्या लागतात. त्याआधी हे मार्गी लागलं पाहिजे. ‘मुख्य’ नावाचा युजर होस्टकडून पुन्हा बनवून घ्यावा का? की दुसरा सरळ मार्ग आहे?

प्रतिसाद १

कॉन्फिग फाइलमध्ये लोकलहोस्ट काढून १२७.०.०.१ टाकून बघा. नाहीतर फ्लश प्रिव्हिलेजेस (अधिकार नव्यानं वाचायला लावणारी कमांड) मारा. माझं त्यानं सुटलं होतं.

धागाकर्ता

आभार. पण लोकलहोस्ट लिहिलं की सॉकेटवरून जोडणी होते आणि १२७.०.०.१ लिहिलं की ३३०६ पोर्टवरून, एवढाच फरक ना? आमची जोडणी तर होतेय, अडतंय त्याच्या पुढे. फ्लश करायचा अधिकार या युजरला नाही आणि ग्रँटनं दिलेले अधिकार त्याच्याशिवायही लागू होतात.

प्रतिसाद २

भावा, तुझे दोन्ही एरर एकाच गोष्टीचे आहेत. व्ह्यू आणि ट्रिगर डीफॉल्टनं बनवणाऱ्याच्या अधिकारानं चालतात, वापरणाऱ्याच्या नव्हे. पेढीवर ज्या मुनिमाच्या सहीनं पैसे सुटायचे तो मुनीमच सोडून गेला, तसं झालंय. ट्रिगर ते सरळ सांगतो, १४४९. व्ह्यूच्या बाबतीत मायएसक्यूएल साध्या युजरला डेफिनरचं नाव सांगत नाही, त्याचंच नाव घालून १०४५ दाखवतो. सुपर अधिकारवाल्याला तिथंही १४४९ दिसली असती. या १०४५ पायी माणसं उगाच पासवर्ड बदलत बसतात.

डंप फाइलमध्ये (डेटाबेसच्या बॅकअपमध्ये) व्ह्यू आणि ट्रिगरच्या व्याख्येत डेफिनर लिहिलेला असतो, पण युजर त्या डंपमध्ये येत नाहीत. होस्टच्या माणसानं रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून फाइल चढवली, त्याला कुणी अडवलं नाही. तू चढवलीस तेव्हा ‘दुसऱ्याच्या नावानं बनवू देणार नाही’ म्हणून १२२७ आली.

‘मुख्य’ पुन्हा बनवू नकोस. काम होईल, पण पुढच्या वेळी होस्ट बदललास की हेच रामायण. इन्फर्मेशन स्कीमाच्या (डेटाबेसमध्ये काय काय आहे त्याची यादी) व्ह्यूज, ट्रिगर्स आणि रूटीन्समध्ये डेफिनरचा रकाना बघ, कुठं कुठं जुनं नाव उरलंय ते कळेल. शो क्रिएट व्ह्यू आणि शो क्रिएट ट्रिगरनं व्याख्या काढून घे, त्यातला डेफिनरचा तुकडा उडव आणि ‘गूळदुकान’ म्हणून लॉगिन करून पुन्हा बनव. डेफिनर आपोआप तूच होतोस. जुने आधी ड्रॉप कर (काढून टाक). ट्रिगर बनवताना १४१९ आली तर बायनरी लॉग (सर्व्हरवरच्या बदलांची नोंद) चालू आहे असं समज. मग होस्टला ‘लॉग बिन ट्रस्ट फंक्शन क्रिएटर्स’ चालू करायला सांगावं लागेल, ते आपल्या हातात नाही. व्याख्येत ‘उचल’ असा देवनागरी शब्द असेल तर जोडणी यूटीएफ८एमबी४ (देवनागरी चालणारा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरसंच) आहे ना ते आधी बघ. व्ह्यूबरोबर त्या वेळचा कॅरेक्टर सेटही साठवला जातो. तो चुकला तर व्ह्यू चालेल, पण उचल वजाच होणार नाही.

आता वेगळ्या युजरचं. सपोर्टचं ऐकू नकोस, तुझंच बरोबर आहे. सीपॅनलमध्ये दुसरा डेटाबेस काढ, फक्त पट्टीसाठी. ‘गूळदुकान’ला दोन्हीकडे सगळे अधिकार दे. पट्टीचा व्ह्यू या दुसऱ्या डेटाबेसात बनव, तो पहिल्यातली टेबलं वाचेल. ‘गूळपट्टी’ला फक्त दुसऱ्या डेटाबेसावर सिलेक्ट (वाचायचा अधिकार) दे. व्ह्यू डेफिनरच्या अधिकारानं चालतो, त्यामुळे त्याला खतावणीवर काहीच द्यावं लागत नाही. ‘एसक्यूएल सिक्युरिटी इन्व्होकर’ (व्ह्यू वापरणाऱ्याच्या अधिकारानं चालवायचा) लावा असं कुणी सांगेल, तुझ्या कामाला ते उलटं पडेल. मग शेतकऱ्यांच्या पानालाही मूळ टेबलं वाचायचा अधिकार द्यावा लागतो. नावांपुढे सीपॅनल खात्याचा उपसर्ग लावतं, कोडमध्ये पूर्ण नाव घाल.

धागाकर्ता

दादा, झालं. पट्टीचा व्ह्यू दुसऱ्या डेटाबेसात नेला आणि १०४५ गेली. ट्रिगरला १४१९ आलीच. होस्टला लेखी कळवलं, त्यांनी तेवढं सेटिंग चालू करून दिलं. दिवाणजींनी आज दोन लॉट भरले, खतावणीत रकमा जमा झाल्या आणि साइटवरची पट्टी त्यांनी हातानं लिहिलेल्या पट्टीशी पैशापर्यंत जुळली. उचलही वजा झाली.

‘गूळपट्टी’नं लॉगिन करून मुद्दाम खतावणी वाचायला गेलो. ११४२ आली, सिलेक्ट नाकारला. हेच हवं होतं.

हाताच्या पट्ट्यांच्या काळात झालेले सौदे आज रात्री भरून घेतो. यार्डात येणं झालं तर दुकानावर या, काकांनी आवर्जून सांगितलंय.