बंड्या लंगडायलाय, लिफ्टचं काय?

बी-३०२ : सेक्रेटरी काका, एक विनंती होती. बंड्याला चार दिवस लिफ्टनं खाली न्यायला द्या. पाय दुखायलाय त्याचा. ३१ किलोचं धूड तिसऱ्या मजल्यावरून उचलून आणताना माझीच कंबर धरली.

सेक्रेटरी : मीटिंगमध्ये ठरलंय ओ. कुत्रं लिफ्टमध्ये नाही.

बी-२०४ : काय झालं त्याला? परवा व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर घोड्यासारखा पळत होता की.

बी-३०२ : तेच तर कळेना. गेल्या सोमवारी पुढचा डावा पाय टेकवत नव्हता. तीन दिवसांत बरा. आता मागचा उजवा. आई म्हणते नाटकं करालाय, फिरायला न्यायचं नाव काढलं की पाय विसरतो.

सी-१०४ : कॅल्शियम कमी पडलंय. नऊ महिन्यांचा जर्मन शेफर्ड, हाडं वाढायलीत. मेडिकलमधून बाटली आणा, दोन-दोन चमचे सकाळ-संध्याकाळ. आणि पायाचं सूप.

बी-२०४ : कोमट तेलानं चोळा. फारच ओरडला तर आपली दुखण्याची गोळी अर्धी द्या.

ए-१०१ मावशी : गोळी अजिबात देऊ नका! आपल्याला चालणाऱ्या कितीतरी गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

थांबा, टाइप करालोय. हळू होतंय माझं.

सी-१०४ : मावशींचा निबंध यायलाय 😄

ए-१०१ मावशी : हसा. आमचा लाडू आठवतो ना? लॅब्राडॉर. आठ महिन्यांचा असताना उठताना मागचं अंग डुलवायचा, पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायचा, सशागत. आम्ही कौतुकानं व्हिडिओ काढायचो. ह्यांनी अ‍ॅक्टिव्हाला साखळी बांधून हिंदवाडीपर्यंत पळवला, कारण दम लागला की शांत झोपतो म्हणून. वजन वाढावं म्हणून रोज दूध-तूप. दोन वर्षांचा झाला तेव्हा एक्स-रे काढला. खुब्याचा गोळा वाटीत नीट बसतच नव्हता. हिप डिस्प्लेसिया. तो मूळचा रक्तात असतो, आमच्यामुळे झाला नाही, पण वाढवला आम्हीच.

म्हणून सांगते बंड्याच्या आई. पहिल्यांदा पंजा बघा. बोटांच्या मधे काटा, खडा, तुटलेलं नख. मग ताप बघा, १०३ च्या वर असेल किंवा खात नसेल तर आजच डॉक्टर. आत्ता पावसाळ्यात गोचीड किती झालेत, गोचीडतापातही सांधे सुजतात आणि आज हा पाय, उद्या तो असं होतं. रक्त तपासून घ्या.

काटा नाही, ताप नाही आणि पाय बदलतोय, तर शेफर्डमध्ये पॅनोस्टायटिस असू शकतो. पाच ते अठरा महिन्यांच्या पोरांना होतो, नराला जास्त. लांब हाडाच्या आत सूज येते, हाडाच्या मधोमध दाबलं की केकाटतो. आपोआप जातो, पण मधेमधे उलटतो.

सी-१०४ : मग कॅल्शियमनं नुकसान काय?

ए-१०१ मावशी : मोठ्या जातीचं पिल्लू, विशेषतः सहा महिन्यांच्या आतलं, जादा कॅल्शियम बाहेर टाकू शकत नाही, आतडं शोषत राहतं. हाडं वेडीवाकडी वाढतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं पाकिटातलं खाणं देत असाल तर त्यात ते मोजूनच घातलेलं असतं, वरून बाटली ओतायची नाही. नुसता चिकन-भात देत असाल तर मात्र उलटं, तेव्हा खरंच कमी पडतं. ते डॉक्टर वजनावरून ठरवतील. बी-३०२, काय खातो तो?

बी-३०२ : पाकिटाचं. वरून भाकरी, वरून माझा भाऊ येईल तेव्हा गोड कुंदा 🙈

ए-१०१ मावशी : कुंदा बंद! अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांवर प्रयोग झाला होता, निम्म्यांना पाव हिस्सा कमी खायला दिलं. ती जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला नकोत.

बी-२०४ : मुधोळ घ्यायला पाहिजे होता ओ तुम्ही. आपल्या मातीतलं कुत्रं, अंगावर चरबी म्हणून नाही.

ए-१०१ मावशी : त्याला पळायला शेत लागतं, ५०० चौरस फूट नाही.

बी-३०२ : मावशी, आत्ताच बघितलं. काटा नाही, ताप नाही. पण मागच्या मांडीच्या हाडावर हात ठेवला तर मान फिरवून माझ्या हाताकडे बघत बसला. ओरडला नाही. ओठ चाटत होता.

ए-१०१ मावशी : दुखतंय त्याला. नाटक नाही. चालतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, दवाखान्यात गेल्यावर हे लोक सरळ चालतात.

सेक्रेटरी : ओ, पण लिफ्टचा विषय...

ए-१०१ मावशी : काका, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांत पाळीव कुत्र्याला लिफ्टबंदी करता येत नाही, असं आहे. मीटिंगमध्ये वाचून दाखवू का?

सेक्रेटरी : नको नको. सकाळी साडेसातच्या आत घेऊन जा. शाळेच्या पोरांची गर्दी नको.

*(दुसऱ्या दिवशी, रात्री ८.४०)*

बी-३०२ : जाऊन आलो. डॉक्टरांनी चारही पाय दाबून बघितले, मांडीवर दाबल्यावर माझ्या काखेत तोंड घातलं. एक्स-रेत हाडाच्या पोकळीत पांढुरके डाग. पॅनोस्टायटिसच. गोचीडतापाचं रक्त निगेटिव्ह. कुत्र्याचीच वेदनाशामक दिलीय, जेवणानंतर. तीन आठवडे पळणं बंद, चेंडू बंद, जिना बंद. खुबा आत्ता ठीक दिसतोय, वर्षाचा झाला की परत एक्स-रे.

सी-१०४ : बाटली परत करतो मग. मी आणूनही ठेवली होती.

ए-१०१ मावशी : घरात टाइल्सवर गोणपाट अंथरा, पाय सरकायला नको. पंजाखालचे केसही कापा.

सेक्रेटरी : तीन आठवडे लिफ्ट ओके. पण लाल चिखलाचे पाय पुसून आणा. आज आरशावर चार पंजे आहेत.

बी-३०२ : मागच्या पायांवर उभा राहिला होता काका. स्वतःला भुंकायला.

ए-१०१ मावशी : अहो, उभा राहू देऊ नका त्याला!!